आत कोन हाय का?

रिकाम्या खोलीचं दार लावण्यापूर्वी मी आत हाक मारते. घरचे हसतात. नवरा म्हणतो, आपल्याशिवाय या घरात आणखी कोण राहतं ते एकदा सांगून टाक. सवय माझी नव्हेच, ती तांडेल सरांची. माणसाबरोबर बरीच वर्षं काम केलं की त्याची अक्कल आपल्याला लागत नाही, खोडी मात्र लागतात.

जयवंत तांडेल आणि मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर काम करत होतो. खाली पुठ्ठ्याची खोकी बनत, वर आम्ही. खिडकी उघडली की कुठल्या तरी कारखान्याचा आंबूस वास यायचा, बंद केली की जीव गुदमरायचा. माझे वडील वीजकेंद्रातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून इकडे आले, त्यामुळे मी वाढले कॉलनीत आणि हा वास माझ्या बालपणाचाच भाग आहे. तरीही त्याची सवय झाली असं मी म्हणणार नाही. सर रोज एडवणहून स्कूटरने येत. पालघर ओलांडून, ट्रकांच्या मागे मागे, खड्डे चुकवत. आले की हेल्मेट टेबलावर ठेवून थोडा वेळ नुसते बसत. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नसे.

आमची कंपनी लोखंडी डबे बनवायची. कारखान्यातली यंत्रं हल्ली एकमेकांशी बोलतात. अमुक टाकी तापली, तमुक पंपानं थांबावं, असे निरोप तारांमधून सारखे जात-येत असतात. ते योग्य दारातून आत घ्यायचे आणि योग्य दारातून बाहेर सोडायचे, हे आमच्या डब्याचं काम. डब्याच्या पोटात सगळ्यांत खाली कर्नल नावाचा प्रोग्राम असतो आणि वरचं सगळं त्याच्या जिवावर चालतं. त्या कर्नलमधला निरोपांचा भाग सरांकडे होता. माझ्याकडे चाचणी, म्हणजे त्यांनी केलेलं मोडून दाखवणं. आमचं जमायचं ते यामुळेच असावं.

जुन्या डब्यात एकच प्रोसेसर होता. एकटा माणूस घरात कसाही वागला तरी चालतं, तसं त्याचं होतं. मग चार प्रोसेसरांची चिप आली. आता चौघं एकाच वेळी एकाच यादीत हात घालणार, म्हणजे भांडण आलंच. त्यावर उपाय लॉकचा. एकानं लॉक घेतलं की त्याचं होईपर्यंत बाकीच्यांनी दाराशी थांबायचं. आमच्या देवधर साहेबांनी ग्राहकांना चौपट वेगाचं सांगून ठेवलं होतं. झालं भलतंच. एक काम करायचा आणि तिघं रांगेत उभे. साहेब म्हणाले, हे तर सरकारी कचेरीसारखं झालं. सर म्हणाले, "कचेरीत निदान पंखा असतो."

लॉकच्या बाबतीत सर फार कडक. लॉक घ्यावं, काम करावं, सोडावं. ते धरून दुसरीकडे बघत बसणारा माणूस त्यांच्या हिशेबी गुन्हेगार. हा कायदा ते कोडपुरता ठेवत नसत, हीच पंचाईत होती. ऑफिसात बैठकीची खोली एकच. एकदा देवधर साहेब तिथे लॅपटॉप उघडा टाकून जेवायला गेले आणि आम्ही बाहेर ताटकळत राहिलो. साहेब ढेकर देत परत आले तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "साहेब, लॉक धरून जेवायला जायचं नसतं. चौघं अडकले." साहेबांनी त्या दिवसापासून लॅपटॉप बरोबर न्यायला सुरुवात केली, अगदी चहाला जातानाही.

दुसरी खोड म्हणजे हाक. सर कुठलंही दार बंद करण्यापूर्वी आत डोकावून विचारायचे, "आत कोन हाय का?" भांडाराची खोली असो, जिन्यातलं कपाट असो. आमच्या बैठकीच्या खोलीला काचेची भिंत होती, रस्त्यावरूनही ती रिकामी दिसायची. तिलाही ते विचारायचे. संध्याकाळी कुलपं लावणारा दुबे वैतागायचा. "साहब, अंदर कोई नहीं है. मैं देख के आया."

"देखा, पूछा नहीं ना?" सर म्हणायचे. "पूछने में क्या जाता है?"

मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या वडिलांची बोट होती. बोटीच्या पोटात बर्फाचा खण असतो, वरून फळ्या लावून बंद करतात. एका उन्हाळ्यात सरांचा काका भर दुपारी त्या खणात गोणपाटावर जाऊन झोपला, कारण सगळ्या एडवणात गार जागा तेवढीच. वडिलांनी न बघता फळ्या लावल्या, वर जाळं टाकलं आणि बोट काढली. थोड्या वेळानं खालून धाडधाड आवाज यायला लागला. वडिलांना वाटलं, इंजिन गेलं. त्यांनी इंजिन उघडलं, पुसलं, परत लावलं. आवाज चालूच. मग आतून शिव्या ऐकू आल्या तेव्हा कळलं.

"काका वर आला तो निळा झालेला," सर म्हणाले. "आनि पहिलं काय बोलला, तर इंजिनाला हात लावू नको, ते बरं हाय."

गावानं यावर पुष्कळ वर्षं करमणूक करून घेतली. पण तेव्हापासून वडिलांनी हाक मारल्याशिवाय फळी लावली नाही, आणि पोरांनाही लावू दिली नाही.

सर दिसायला उंच, वाळलेले, चष्म्याची दांडी जाळ्याच्या नायलॉनच्या दोऱ्यानं बांधलेली. नवी दांडी टाका म्हटलं की म्हणत, ही तुटत नाही. जेवणाच्या डब्यात सुका जवळा असला की वासाची कुरकूर नको म्हणून आपणहून जिन्यात जाऊन जेवत. मग जवळा आवडणारे आम्ही तीन-चार जणही जिन्यात जायला लागलो, आणि एक दिवस पाहिलं तर आत शाकाहारी देवधर साहेब एकटेच जेवत होते. त्यांचा चेहरा बघून वाईट वाटलं, पण जवळा जवळा असतो.

त्या जिन्यातच सरांनी मला त्यांची आवडती पद्धत समजावली. ती जगभर वापरतात, त्यांनी शोधलेली नव्हे. पण बोलायचे असे, जणू एडवणचीच.

"यादी नुसती वाचायची तर लॉक कशाला? वाचनारे वाचू देत," ते म्हणाले. "बदल करायचा तर जुनी खोडायची नाय. बाजूला नवी ठेवायची. आता येतील ते नवी बघतील. जे आधीच जुनी वाचत बसलेत त्यांना उठवायचं नाय. शेवटचा उठला की मग जुनी फाडायची."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत थांबायचं. तेवढंच तर काम हाय."

त्यांच्या कोडमध्ये त्या थांबण्याची एक ओळ होती. डब्याचं एखादं दार बंद करायचं झालं की ती ओळ आधी खात्री करायची, चौघांपैकी कोणी त्या दाराची जुनी माहिती अजून वाचत नाही ना. मगच ती माहिती पुसली जायची. एक ओळ, पण सरांचा जीव तिच्यात होता.

घरचं मला कळलं ते एका रविवारी. बोंबील घ्यायला म्हणून आम्ही नवरा-बायको एडवणला गेलो होतो. सरांचं घर किनाऱ्याला लागून, आणि घरापुढे वाळूत दोन बोटी. एक नवी, निळी, सरांचा धाकटा भाऊ रमेश चालवतो ती. दुसरी वडिलांची जुनी, लाकडाची, रंग उडालेली, फळ्यांमध्ये फटी पडलेली. ती पाण्यात जायची बंद झाल्याला बराच काळ लोटला होता. संध्याकाळ व्हायला आली तसे सरांचे वडील, म्हातारे बाबा, काठी टेकत आले आणि त्या जुन्या बोटीत चढून सुकाणूपाशी बसले. त्यांची आठवण गेली होती. सून कोण, नातू कोण, कळत नव्हतं. बोट मात्र कळत होती. त्यांनी किनाऱ्याकडे बघून हाक दिली, "चला रे, चढा!" कोणाची तरी नावं घेतली. ती माणसं कधीच गेलेली, हे सरांनी नंतर सांगितलं.

आमच्याशी बोलता बोलता सर उठले, चपला काढल्या, बोटीत चढले आणि म्हणाले, "चढलो बाबा." म्हाताऱ्याचं समाधान झालं. थोडा वेळ दोघं तसेच बसले. मी बोंबलांची पिशवी धरून उभी होते आणि मला तिथे असल्याचा संकोच वाटत होता.

"नवी दाखवली नाही त्यांना?" मी परतताना विचारलं.

"दाखवली. बघतो आनि जुनीत जाऊन बसतो. त्याच्यापुरती नवी नायच."

अडचण जागेची होती. पावसाळ्यापूर्वी बोटी वर ओढून झाकून ठेवाव्या लागतात, आणि घरापुढे सुरक्षित जागा एकाच बोटीची, तीही जुनीनं धरलेली. आदल्या पावसाळ्यात नवी बोट खाली राहिली आणि लाटांनी तिची एक बाजू फोडली. रमेशचं घर त्या बोटीवर चालतं. तो वाईट माणूस नव्हे. त्याचं म्हणणं एवढंच की कुजलेलं लाकूड मोडून टाकू. सर नाही म्हणत होते. हे भांडण उन्हाळाभर चाललं. स्कूटरवरून येणारे सर दिवसेंदिवस जास्त वेळ हेल्मेटपाशी बसायला लागले.

त्याच उन्हाळ्यात ऑफिसात दुसरं भांडण लागलं. एका मोठ्या ग्राहकाला डबा दाखवताना देवधर साहेबांनी सगळी दारं एकदम बंद करून दाखवली, आणि डबा क्षणभर अडखळला. प्रत्येक दारापाशी ती थांबण्याची ओळ थोडी थोडी थांबत होती, त्याची गोळाबेरीज डोळ्यांना दिसली. ग्राहक म्हणाला, अटकता है. झालं. साहेब मागे लागले, ती ओळ काढा. सर म्हणाले, काढता येणार नाही. साहेब रोज विचारत, सर रोज नाही म्हणत. घरीही नाही, इथेही नाही. माणूस किती दिवस नाही म्हणणार?

मे महिन्यातल्या एका दुपारी साहेबांनी पुन्हा विषय काढला तेव्हा सर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "काढतो." आणि काढली. माझ्या चाचण्या बिनबोभाट पार पडल्या. डबा सुरेख चालला. साहेबांनी सगळ्यांना थंड ताक पाजलं. सर ग्लास हातात घेऊन मला म्हणाले, "घरी पन हो बोललो. वैताग आला, मॅडम."

बेत असा ठरला होता. शिरगावला सरांची बहीण असते. बाबांना दोन दिवस तिच्याकडे न्यायचं, तेवढ्यात बोट मोडायची. परत येईपर्यंत जागेवर निळी उभी असेल. रमेश म्हणाला होता, त्याला काय कळनार हाय?

मधल्या दिवसांत बेटेगावच्या बाजूच्या एका कारखान्यात आमचा डबा गोठला. बंद करून चालू केला तर चालला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गोठला. तिथला माल वाया गेला, साहेबांना फोनवर काय काय ऐकावं लागलं ते त्यांच्या कानांच्या रंगावरून कळत होतं. माझ्याकडे मात्र काही केल्या तो गोठेना. मी चारही प्रोसेसरांवर निरोपांचा मारा केला, दारं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. काही नाही. सर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत, जिन्यातलं जेवण बंद झालं, दोघांचे डोळे चुरचुरायला लागले.

अखेर एका सकाळी तो माझ्या टेबलावर गोठला. स्क्रीनवर शेवटच्या हालचालींची नोंद उरली होती. एक प्रोसेसर जी माहिती वाचत होता, ती दुसऱ्यानं नुकतीच पुसून टाकलेली होती. वाचणारा आतच होता आणि त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती.

सरांनी ते वाचलं. चष्मा काढला. मला वाटलं, आता साहेबांच्या नावानं काहीतरी बोलतील, आणि मी त्याची वाटच बघत होते.

"विचारलं नाय मी," ते म्हणाले. "जन्मभर सगळ्यांना शिकवलं आनि मीच विचारलं नाय."

ते उठून सरळ साहेबांपाशी गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ती ओळ मी काढली. त्यानंच गोठतो."

साहेबांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "तांडेल, काढायला मी लावली होती."

"तुमी सांगितलं. हात माझा होता."

सर परत येऊन बसले आणि जेवायच्या आत दुरुस्ती केली. ओळ परत घातली, पण वेगळ्या जागी. आधी सगळी दारं नव्यांसाठी बंद करायची, मग सगळ्यांसाठी मिळून एकदाच थांबायचं, आणि मगच जुनं सगळं पुसायचं. वाटही पाहिली जाते आणि अडखळणंही दिसत नाही. "हे तेव्हाच सुचायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "दमलेल्या मानसाला एक हो येतं आनि एक नाय येतं. तिसरं सुचत नाय." मी चाचणी लावली. ती संपायला संध्याकाळ होणार होती. सर हेल्मेट घेऊन उभे राहिले.

"कुठे?"

"घरी. आज मानसं येनार हायत बोट मोडायला. बाबा शिरगावला हाय."

ते गेले. जिन्यातून उतरताना त्यांनी कपाटालाही हाक मारली नाही, इतकी घाई त्यांना मी कधी पाहिली नव्हती. मी दिवसभर स्क्रीनकडे बघत होते आणि मनात पालघरचा रस्ता मोजत होते. आज तरी ट्रक आडवे येऊ नयेत, असं मला फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते आले, हेल्मेट ठेवलं आणि लगेच बोलायला लागले. माणसं हातोडे घेऊन आलेली होती. नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, एक फळी निघालीही होती. सरांनी स्कूटर वाळूतच टाकली आणि काम थांबवलं. रमेश संतापला. नवी बोट पुन्हा फुटली तर पोरांना काय खायला घालू, असं त्यानं विचारलं, आणि ते खरंच होतं. मग दोघं भाऊ उन्हात उभे राहून जागा बघत बसले. शेवटी जुनी बोट तिरकी करून घराच्या भिंतीला अगदी चिकटवली. ओटीवर जाता येईना, स्वयंपाकघरात उजेड येईना, पण पुढे निळीपुरती जागा झाली. वहिनी, सरांच्या पत्नी, काय बोलल्या ते सरांनी सांगितलं नाही.

"आनि बाबा?"

"आला संध्याकाळी. चढून बसला. ती फळी नाय तिथं हात लावून बघत होता." सरांनी चष्मा पुसला. "ती मी परत ठोकली. वाकडी बसली हाय."

डबा त्यानंतर गोठला नाही.

बाबा पुढचा सबंध पावसाळा त्या बोटीत बसले, डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून. पावसाळा संपला आणि ते गेले. दिवसकार्य झाल्यानंतर मी एडवणला भेटायला गेले, ती नेमकी बोट मोडायच्या सकाळी. सरांनी मला ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं.

तीच माणसं, तेच हातोडे. या वेळी भांडण नव्हतं. नाळेकडची ती वाकडी फळी लांबूनही ओळखू येत होती. सर बोटीत चढले. बर्फाच्या खणाच्या फळ्या बाजूला केल्या, गुडघ्यांवर बसून आत डोकं घातलं आणि मोठ्यानं विचारलं, "आत कोन हाय का?"

आवाज पोकळ लाकडात घुमला. ते तसेच वाकून राहिले. बराच वेळ झाला. हातोडेवाल्यांपैकी एक जण कंटाळून पुढे झाला आणि त्यानं वाकड्या फळीला हात घातला. तेव्हा रमेशनं त्याचं मनगट धरलं. रमेशचे डोळे भरले होते.

"थांब जरा," तो म्हणाला. "बाबा उतरू दे."

तो माणूस मागे सरला. आम्ही सगळे वाळूत उभे राहिलो, आणि मला रडू आलं ते मी लपवलं नाही. मग सर सावकाश उठले, सुकाणूवरून एकदा हात फिरवला आणि खाली उतरले. त्यांनी आधी भावाकडे बघितलं, मग हातोडेवाल्यांकडे.

"आता कोन नाय," ते म्हणाले.